न पटलेलं मांडायचं की खुर्ची सोडायची? चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली दिलेलं उत्तर

श्रीगोंदा : दोन ऑक्टोबरला गावोगावी गांधी जयंती होते, ग्रामसभा भरते. या ग्रामसभेत एक प्रसंग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असेल. वरून एखादा नियम आलेला असतो. गावकरी विचारतात की भाऊसाहेब, हा नियम तुम्हाला तरी पटतो का? भाऊसाहेब इकडं तिकडं बघतात, आवाज खाली करतात आणि म्हणतात की मला पण नाही पटत, पण माझ्या हातात काय आहे. मग पुढच्या पाच मिनिटांत तोच नियम ते सगळ्यांना मोठ्या आवाजात वाचून दाखवतात.

त्यांचं चुकलं का? ज्याला कायदा किंवा निर्णय घटनेला धरून वाटत नाही, त्या सरकारी माणसानं तो लोकांपुढं मांडावा का? की नाही म्हणावं? की नोकरी सोडून घरी बसावं?

हाच प्रश्न एकदा थेट देशाच्या अर्थमंत्र्यापुढं उभा राहिला होता. तो माणूस मराठी होता आणि प्रश्न मुंबईचा होता. त्यांचं निधनही दोन ऑक्टोबरलाच, १९८२ साली हैदराबादला झालं. नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सगळा देश त्यांना सी. डी. देशमुख म्हणून ओळखतो.

रायगडाच्या पायथ्याचा पोरगा

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांतला. गाव महाड तालुक्यातलं नाते, रायगड किल्ल्याजवळ. वडील रोह्याला वकिली करायचे. पोरगा अभ्यासात असा की १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानंच पटकावली. त्या काळी मॅट्रिक म्हणजे आजच्यासारखी एका बोर्डाची परीक्षा नव्हती. मोठ्या इलाख्यातली मुलं एकाच परीक्षेला बसायची.

पुढं ते विलायतेला केंब्रिजला गेले. तिथं वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकले. १९१८ साली लंडनला आयसीएसची परीक्षा दिली आणि तिच्यातही पहिला नंबर काढला. आयसीएस म्हणजे इंग्रजांच्या काळातली कलेक्टर होण्याची परीक्षा. साहेबाच्या घरात जाऊन साहेबांच्या पोरांना मागं टाकायचं, हे त्या काळी सोपं नव्हतं.

नोकरी मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. एकवीसेक वर्षं तिकडं काढली. जमाबंदीचं कामही केलं. म्हणजे शेतसारा कसा बसतो, जमिनीची प्रत कशी ठरते, कुळाचं काय होतं, हे सगळं त्यांनी पायाखालून घातलं होतं. १९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद झाली, तिच्या सचिवालयातही त्यांनी काम केलं.

नोटेवरची पहिली भारतीय सही

१९३९ ला ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. त्याआधी नोटांवर गव्हर्नर म्हणून सही साहेबाची असायची. ती जागा पहिल्यांदा एका मराठी माणसाच्या सहीनं घेतली.

इथं आपल्या जिल्ह्याशी जोडलेली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९४३ ला देशमुख मुंबईत गव्हर्नरच्या खुर्चीवर बसले, तेव्हा पंडित नेहरू कुठं होते? आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात, कैदेत. ऑगस्ट १९४२ पासून १९४५ च्या मार्चपर्यंत नेहरू तिथं होते. एक जण इंग्रज सरकारचा मोठा अधिकारी, दुसरा त्याच सरकारचा कैदी. पुढं हीच दोन माणसं एका मंत्रिमंडळात शेजारी बसणार होती आणि मुंबईवरून समोरासमोर उभी राहणार होती.

१९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देशांची परिषद झाली. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी याच परिषदेतून निघाले. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

१९५० मध्ये अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला. नियोजन आयोगाला किती अधिकार द्यायचे यावर त्यांचं सरकारशी पटलं नाही. त्यांच्या जागी नेहरूंनी देशमुखांना बोलावलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आजच्या रायगड भागातून, लोकसभेवर निवडून गेले. आता ते नुसते अधिकारी राहिले नव्हते. लोकांनी निवडून दिलेला माणूस झाले होते. हा फरक पुढं महत्त्वाचा ठरला.

स्टेट बँक आणि एलआयसी

आज आपल्या तालुक्यात उसाचं बिल, लिंबाच्या पट्टीचे पैसे, पीक कर्ज, पेन्शन हे सगळं बँकेतून फिरतं. १९५५ आधी खेड्यातल्या माणसाला बँक माहीत नव्हती, सावकार माहीत होता. १ जुलै १९५५ ला जुन्या इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या असं बंधन तिच्यावर घातलं गेलं. त्या वेळी अर्थमंत्री देशमुखच होते.

एलआयसीचंही तसंच. १९ जानेवारी १९५६ ला सरकारनं अध्यादेश काढून आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला. देशातल्या देशी, विदेशी मिळून सुमारे २४५ विमा कंपन्या आणि संस्था त्यात आल्या. त्या दिवशी रेडिओवरून देशाला ही गोष्ट सांगितली ती देशमुखांनी. त्याच वर्षी १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली.

पण तारीख परत एकदा बघा. १९ जानेवारी १९५६. त्या आठवड्यात मुंबई पेटलेली होती.

मुंबई कुणाची?

भाषेप्रमाणे राज्यं करायची का, हे ठरवायला केंद्रानं १९५३ च्या अखेरीस फाजल अली आयोग नेमला. १९५५ मध्ये अहवाल आला. आयोग म्हणाला की मराठी आणि गुजराती मुलुखाचं मिळून एक द्विभाषिक मुंबई राज्य ठेवा आणि विदर्भ वेगळा करा. मराठी माणूस भडकला. तेलुगू लोकांना त्यांचं राज्य मिळतं, मग मराठी लोकांना मुंबईसकट का नाही, हा साधा सवाल होता.

मग दिल्लीत तीन तुकड्यांची योजना निघाली. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, आणि मुंबई शहर दोघांनाही नाही. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. त्या रात्रीपासून मुंबईत हरताळ, दगडफेक, लाठीमार आणि गोळीबार सुरू झाला. कित्येक माणसं मेली. गिरणीत राबणारी, गावाकडून पोट भरायला गेलेली माणसं त्यात होती. आज मुंबईत हुतात्मा चौक आहे तो याच लढ्यातल्या शंभरहून अधिक हुतात्म्यांच्या स्मरणाचा.

म्हणजे एका बाजूला देशमुख आपल्या आयुष्यातलं एक मोठं काम पार पाडत होते. दुसऱ्या बाजूला त्यांच्याच सरकारच्या निर्णयावरून त्यांच्याच लोकांवर गोळ्या चालत होत्या.

सहा महिने का थांबले?

जानेवारीतच देशमुखांनी नेहरूंकडं राजीनामा दिला. पण तो तेव्हा बाहेर पडला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला अर्थसंकल्प होता. विम्याचं काम अर्धवट होतं. मुंबईचा निर्णय अजून बदलू शकेल अशी आशाही होती. त्यांना थांबायला सांगण्यात आलं आणि ते थांबले. अर्थसंकल्प त्यांनीच मांडला.

या सहा महिन्यांवरून तेव्हाही टीका झाली आणि आजही होऊ शकते. माणसं मेली तेव्हाच का नाही बाहेर पडला, असं कुणी विचारलं तर त्यात चूक नाही. पण दुसरी बाजू अशी की घरातल्या भांडणात आधी घरात बोलायचं असतं. मंत्री रोज उठून चावडीवर बोलायला लागला तर कारभार चालत नाही. आत बसून निर्णय बदलता येतो का, हे आधी बघावं लागतं.

एप्रिलमध्ये राज्य पुनर्रचनेचं विधेयक लोकसभेत आलं. त्यात मुंबई केंद्रशासितच होती. जूनमध्ये मुंबईत काँग्रेसची बैठक झाली. तिथं नेहरूंनी जाहीर केलं की पाच वर्षं मुंबई केंद्राकडं राहील, मग बघू. आता आशा संपली. विधेयक लोकसभेत चर्चेला येणार होतं आणि सरकारचा मंत्री म्हणून देशमुखांना त्याच्या बाजूनं बसावं लागणार होतं, बाजूनं मत द्यावं लागणार होतं.

२५ जुलै १९५६ ला ते लोकसभेत उभे राहिले आणि राजीनाम्याचं निवेदन केलं.

नेमका आक्षेप काय होता?

पुष्कळांना वाटतं की देशमुख फक्त मुंबई महाराष्ट्राला मिळाली नाही म्हणून रागावले. तेवढंच नव्हतं.

त्यांचा पहिला आक्षेप निर्णयाच्या पद्धतीवर होता. आपल्या घटनेच्या कलम ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ सगळं मिळून लोकसभेला जबाबदार असतं. निर्णय एकाचा असला तरी जबाबदारी सगळ्यांची. देशमुखांचं म्हणणं असं होतं की जबाबदारी सगळ्यांची असेल तर विचारायलाही सगळ्यांना पाहिजे. मुंबईबद्दलचे निर्णय मंत्रिमंडळापुढं रीतसर न येता ठरले, मंत्रिमंडळाच्या नावानं जाहीर झाले, आणि हे घटनेला धरून नाही, असा आरोप त्यांनी भर सभागृहात केला. बोट थेट पंतप्रधानांकडं होतं.

गावच्या भाषेत सांगायचं तर सरपंचानं मासिक सभा न घेता ठराव केला आणि खाली सगळ्या सदस्यांची नावं घातली, तर सदस्य काय म्हणतील? ठराव चांगला की वाईट हा नंतरचा प्रश्न. आधी मला विचारलं का, हा पहिला.

दुसरा आक्षेप गोळीबाराचा. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी असं त्यांचं मत होतं. ती नाकारली गेली. त्यात महाराष्ट्राविषयीचा आकस दिसतो, असंही ते बोलले.

नेहरूंची बाजूही सांगितली पाहिजे. काही दिवसांनी त्यांनी सभागृहात उत्तर दिलं. हा विषय मंत्रिमंडळात आणि त्याच्या समितीत अनेकदा चर्चेला आला होता, आणि सरकारचं धोरण जाहीर करण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आकसाचा आरोप त्यांनी मान्य केला नाही. कोण किती बरोबर यावर अभ्यासक आजही बोलतात.

आणि एक गोष्ट देशमुखांसारख्या जाणकाराला चांगली माहीत होती. घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यं जोडायचा, तोडायचा, हद्दी बदलायचा अधिकार संसदेला आहे. म्हणजे संसदेला हा कायदा करताच येणार नाही, असा त्यांचा दावा नव्हता. कायदा करायचा अधिकार एक, आणि तो ज्या रस्त्यानं आला तो रस्ता दुसरा. त्यांचं भांडण रस्त्याशी होतं.

तीन वाटा, त्यांनी निवडलेली एक

न पटलेला निर्णय मांडायची वेळ आली की खुर्चीवरच्या माणसापुढं तीन वाटा असतात.

पहिली, गप्प बसून मांडायचा. पगार चालू, गाडी चालू. बहुतेक जण हीच धरतात आणि सगळ्यांनाच दोष देता येत नाही. तलाठ्यानं किंवा शिक्षकानं प्रत्येक परिपत्रकावर राजीनामा द्यायचा ठरवला तर घर कसं चालायचं?

दुसरी, खुर्ची न सोडता काम अडवायचं. फाईल दाबायची, तारखा द्यायच्या. ऐकायला ही वाट बरी वाटते, पण तिच्यात मोठा धोका आहे. कोणता कायदा घटनेत बसतो हे प्रत्येक अधिकारी आपापल्या मनानं ठरवायला लागला तर प्रत्येक कचेरी म्हणजे एक कोर्ट होईल. आज तो आपल्याला न आवडणारा कायदा अडवेल, उद्या आपल्या हक्काचा कायदाही अडवेल. कायदा घटनाबाह्य आहे की नाही हे ठरवायला हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट आहे.

तिसरी वाट देशमुखांची. आत असेपर्यंत आत बोलायचं, नेमून दिलेलं काम चोख करायचं. नाहीच पटलं तर खुर्ची सोडायची आणि का सोडली हे लोकांपुढं उघड सांगायचं. त्यांनी सरकारी कागद बाहेर फोडले नाहीत, अर्थसंकल्प अडवला नाही. फक्त न पटलेल्या गोष्टीला आपलं तोंड दिलं नाही.

सरकारी वकिलाचं काय, असा प्रश्न कुणी विचारेल. राज्याला महाधिवक्ता असतो, घटनेच्या कलम १६५ प्रमाणे नेमलेला. सरकारचा कायदा कोर्टात तो लढवतो. त्यालाच कायदा चुकीचा वाटला तर? सरकारला आधी तसा सल्ला देणं हे त्याचं कामच आहे. पण दुसऱ्या बाजूनं कुणी बोलणारच नसेल तर कोर्टानं निकाल कसा द्यायचा, हाही प्रश्न उरतो. अमेरिकेत २०११ साली असंच झालं. लग्नाविषयीच्या एका कायद्याचं कलम घटनेत बसत नाही, म्हणून आम्ही ते कोर्टात लढवणार नाही, असं तिथल्या सरकारनंच सांगितलं. तेव्हा संसदेच्या एका सभागृहानं आपले वकील उभे केले. २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं. म्हणजे सरकार बाजूला झालं तरी दुसरी बाजू कोर्टापुढं मांडली गेली आणि शेवटचा शब्द कोर्टाचाच राहिला.

आपल्याकडंही पुनर्रचनेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. तीन तुकड्यांचं विधेयक बदलून पुन्हा द्विभाषिक राज्य केलं, पण बदललेल्या विधेयकावर राज्याच्या विधिमंडळाचं मत परत विचारलं नाही, अशी तक्रार होती. बाबुलाल पराते यांच्या या खटल्याचा निकाल १९५९ साली लागला. परत विचारायची गरज नाही, असं कोर्टानं सांगितलं. पद्धतीबद्दलचा आक्षेप दरवेळी जिंकतोच असं नाही. पण तो मांडायची जागा असते आणि ती वापरावी लागते.

राजीनाम्यानं काय मिळालं?

लगेच मुंबई मिळाली नाही. पण देशाचा अर्थमंत्री मुंबईसाठी खुर्ची सोडतो, याचा धक्का दिल्लीला बसला. ऑगस्ट १९५६ मध्ये लोकसभेतच चित्र फिरलं. मुंबई केंद्रशासित करण्याची कल्पना मागं पडली आणि सगळ्यांचं मिळून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य करायचं ठरलं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते अस्तित्वात आलं. मराठी माणसाला हेही नको होतं, पण एक गोष्ट झाली, मुंबई केंद्राच्या हातात गेली नाही. पुढं संयुक्त महाराष्ट्र समितीनं लढा चालू ठेवला आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. हे एकट्या देशमुखांमुळं झालं असं म्हणणं हुतात्म्यांवर अन्याय होईल. पण रस्त्यावरच्या माणसाचं म्हणणं दिल्लीच्या सभागृहात सरकारच्या बाकावरून मांडणारा कुणीतरी होता, हेही विसरायला नको.

खुर्ची गेल्यावर माणूस संपला नाही. १९५६ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष झाले. पुढं दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही सरकारी सेवेसाठी. १९६९ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. १९७५ ला पद्मविभूषण मिळालं. संस्कृतचं वेड शेवटपर्यंत होतं, कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. पत्नी दुर्गाबाई देशमुख स्वतः घटना समितीच्या सदस्य होत्या. म्हणजे ज्या घटनेसाठी नवऱ्यानं मंत्रिपद सोडलं, ती घडवणाऱ्यांत बायकोचा वाटा होता.

आपल्यासाठी यात काय?

मंत्री, अधिकारी, सदस्य शपथ घेतात ती घटनेची. पंतप्रधानाची किंवा साहेबाची नाही. हे देशमुखांनी करून दाखवलं. पण त्यांनी दुसरंही दाखवलं, की घटनेचं नाव घेऊन खुर्चीला चिकटून राहायचं आणि कामही अडवायचं, असं चालत नाही.

प्रत्येकाला राजीनामा परवडत नाही. तो परवडणाऱ्यांनी, म्हणजे आपण निवडून दिलेल्यांनी, निदान आत बोलावं ही अपेक्षा मोठी नाही. सभेत मत वेगळं असेल तर ते इतिवृत्तात लिहून घ्यावं. सदस्याला तो हक्क आहे. आणि गावकऱ्यांनी खालच्या कर्मचाऱ्याशी भांडण्यापेक्षा नियम कुणी केला, कोणत्या सभेत केला, तिथं कोण हजर होतं, हे विचारावं.

१ मे आणि २ ऑक्टोबर या दोन्ही तारखांना आपल्याकडं ग्रामसभा असते. एक तारीख मुंबईसह महाराष्ट्र मिळाल्याची. दुसऱ्या तारखेला, त्या मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारा नाते गावचा हा माणूस गेला. येत्या ग्रामसभेत ठरावावर सही करण्याआधी तो एकदा नीट वाचून घ्या.